पट्टी फेकण्यापूर्वी



मुलीच्या संगणकात ८ जीबी रॅमच्या पट्टीशेजारी दुसऱ्या बनावटीची ८ जीबीची पट्टी बसवली. दुसऱ्याच दिवशी पडदा निळा! दुकानदार म्हणाला, "पट्टी खराब, नवी घ्या." घाई केली नाही. नवी पट्टी काढून आधी अभ्यासाच्या फायली पेनड्राईव्हवर उतरवल्या. रॅम चुकली की फायलीही बिघडतात. मग वीज तोडून एकेक पट्टी आळीपाळीने दोन्ही खाचांत लावली, मेमटेस्ट८६+ ने रात्र-रात्र तपासली. एकेकट्या पास, जोडीने मात्र चुका! शेवटी बायोसमध्ये एक्सएमपी बंद केले. वेग ३२०० वरून २६६६ वर उतरला, चुका थांबल्या. थोडा वेग गेला, पैसे वाचले. आपणही आधी तपासा, मगच खिशात हात घाला.