हुकूम, पण विनंतीच्या सुरात

अमेरिकेतल्या मॅनेजरने माझ्या कोडवर शेरा लिहिला, ‘यू माइट वॉन्ट टू चेंज धिस.’ मी अर्थ घेतला, वाटलं तर बदल. मला वाटलं नाही, बदललं नाही. अप्रेझलमध्ये लिहून आलं, सूचना ऐकत नाही. पगारवाढ गेली. तिथे ऑफिसात हुकूम बरेचदा असा विनंतीच्या सुरात येतो. आपली मुलं याला ढोंग म्हणतात. मला पटत नाही. आपल्याकडे साहेब शिपायाला ‘अरे ए’ म्हणून ओरडतो, त्यात कसला आलाय प्रांजळपणा? हाताखालच्या माणसाचा मान राखणं चांगलंच. पण नवख्याला हा सूर कुणी उलगडून सांगत नाही, आणि भुर्दंड त्यालाच. आता मी थेट विचारतो, ‘इज धिस अ मस्ट?’ अजून कुणी रागावलेलं नाही.