क्रमांक १९९

अमेरिकेतील फुटबॉलात चेंडू पायांपेक्षा हातांनीच अधिक खेळला जातो. मग त्यास फुटबॉल का म्हणावे, हा वाद आम्ही येथे उकरीत नाही. आमचे कुतूहल आहे ते तेथील ‘ड्राफ्ट’चे. व्यावसायिक ३२ संघ दरवर्षी महाविद्यालयांतील तरुण खेळाडू सात फेऱ्यांत पाळीपाळीने निवडतात, आणि आदल्या हंगामात तळाशी राहिलेल्या संघास पहिला मान मिळतो. ही रीत १९३६ ची. त्या वर्षी सर्वांत प्रथम निवडला गेलेला जे बरवँगर एकही व्यावसायिक सामना खेळला नाही!

निवड आटोपताच वृत्तपत्रे संघांना गुण देऊन मोकळी होतात. परीक्षेआधीच निकाल लावण्याची ही तऱ्हा शाळा चालविणाऱ्या आम्हांस तरी मानवत नाही. २००० साली टॉम ब्रेडी सहाव्या फेरीत, १९९ व्या क्रमांकावर निवडला गेला. पुढे तो सात वेळा विजेत्या संघात होता. मात्र यात न्यू इंग्लंड संघाची दूरदृष्टी शोधू नये. त्या वर्षी त्याच संघाने ब्रेडीच्या आधी सहा खेळाडू घेतले होते. उलट २००७ चा पहिला मानकरी जामार्कस रसेल तीन हंगामांतच बाहेर पडला.

केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी ताळा मांडला, तेव्हा एकाच जागेसाठी लागोपाठ निवडलेल्या दोघांपैकी आधीचा सरस ठरण्याचा संभव शेकडा ५२ एवढाच आढळला. नाणे उडविण्याहून किंचित बरे! त्यांनी खेळाबरोबर वेतनही तोलले, हे विशेष. २०१० चा पहिला खेळाडू सॅम ब्रॅडफर्ड याचा करार सहा वर्षांचा, ७ कोटी ८० लक्ष डॉलरांचा. नवे वेतननियम येताच २०११ च्या कॅम न्यूटनचा चार वर्षांचा, सुमारे २ कोटी २० लक्षांचा. पहिल्या क्रमांकाचे मोल एका वर्षात वाढले, ते खेळाडू सुधारले म्हणून नव्हे. तेव्हा एखाद्या पोरास ‘वाया गेला’ म्हणण्यापूर्वी त्याच्यासाठी काय मोजले ते पाहावे. किंमत त्याने ठरविलेली नसते.

सॅन फ्रान्सिस्को संघाने २०२१ साली तिसरा क्रमांक मिळविण्यासाठी पहिल्या फेरीतील आपल्या तीन निवडी दिल्या आणि ट्रे लान्स यास घेतले. पुढल्याच वर्षी सर्वांत शेवटच्या, २६२ व्या क्रमांकावर त्यांनी ब्रॉक पर्डी उचलला. फेब्रुवारी २०२४ च्या अंतिम सामन्यात डाव चालवीत होता तो पर्डी. लान्स तोवर दुसऱ्या संघाकडे गेला होता.