मारांडीची साक्ष

ठाण्याच्या खाडीकाठी, ऐरोलीस किंवा विक्रोळीस, ऐन उन्हाळ्यात ओहोटीच्या वेळी जो कोणी जाऊन उभा राहील, त्यास चिखलातून वर आलेली निळ्याजांभळ्या फुलांची काटेरी झुडपे दिसतील. हीच मारांडी. नाताळात आरास करण्याच्या हॉलीशी तिच्या पानांचे साम्य पाहून इंग्रजीत तिला 'सी हॉली' म्हटले गेले. खाऱ्या पाण्यातून अंगात आलेले जास्तीचे मीठ ती पानांवरील ग्रंथींवाटे बाहेर टाकते आणि जेथे परसातले रोप तग धरणार नाही, अशा दलदलीत सुखाने नांदते.

या सामान्य झुडपास आज आम्ही पहिल्या पानावर स्थान देत आहोत, ते केवळ निसर्गप्रेमापोटी नव्हे. तिवरांच्या सावलीत वाढणाऱ्या मारांडीच्या पानांना काटे बेताचे असतात. कित्येकदा मुळीच नसतात. तिवर तोडले गेले आणि ऊन थेट चिखलावर पडू लागले, की तीच मारांडी काट्यांनी सज्ज होऊन रान माजविते. मग तिच्या दाटीत तिवराच्या कोवळ्या रोपांना डोके वर काढणे कठीण होते. दोष अर्थातच मारांडीचा नव्हे, कुऱ्हाडीचा आहे. परंतु दुरून पाहणाऱ्यास सारे हिरवेच दिसते आणि येथेच फसगत होते.

कांदळवनाचे मोल या शहरास कोणी नव्याने सांगावयास नको. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा मिठी नदीच्या काठी घातलेल्या भरावाची किंमत आपण मोजली आहे. त्यानंतर शासनाने २०१२ साली स्वतंत्र कांदळवन कक्ष उभारला. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांचा नाश म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्कावरच घाला होय, असा निर्वाळा दिला आणि त्यांच्या भोवतालचा ५० मीटरांचा पट्टाही बांधकामापासून मुक्त ठेवण्यास बजावले. कायद्याची उणीव आहे, असे आता कोणासही म्हणता येणार नाही.

उणीव आहे ती डोळसपणाची. कांदळवनाचे क्षेत्र किती हेक्टर, एवढ्यावर समाधान मानणे म्हणजे पटावरील संख्या पाहून शाळेची परीक्षा घेण्यासारखे आहे. तेथे तिवर किती उभे आहेत, त्यांची रोपे रुजत आहेत काय, भरतीचे पाणी आत पोहोचण्याच्या वाटा राडारोड्याने बुजविल्या गेल्या आहेत काय, याची जागोजाग नोंद झाली पाहिजे आणि ती नागरिकांसमोर आली पाहिजे, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. जेथे तिवर संपून नुसती मारांडी माजली असेल, तेथे वनाधिकाऱ्यांनी प्रथम जावे. तिवर कोणी तोडले, याचा जाब तेथेच विचारता येईल.