मोटर बदलण्याआधी वॉट मोजा
हॉबीझोनचं ‘सुपर कब’ हे रिमोटवर उडणारं फोमचं विमान शिकाऊंचं लाडकं. थ्रॉटल, रडर, एलिव्हेटर एवढंच हाताळायचं. पण हात बसला, की त्याची ब्रशवाली 480 मोटर मंद वाटू लागते आणि अनेक जण थेट ब्रशलेस मोटर आणतात.

इथेच खिशाला कात्री लागते. या विमानात रिसीव्हर आणि वेगनियंत्रक एकाच सर्किटवर, तेही ब्रशवाल्या मोटरपुरतं. ब्रशलेसला तीन तारा. म्हणजे नवा ईएससी (वेगनियंत्रक) आला, पाठोपाठ वेगळा रिसीव्हर आला. मोटर एक, वऱ्हाड मोठं!

खरी गोम प्रोपेलरमध्ये आहे. 1000 केव्हीची (म्हणजे व्होल्टमागे मिनिटाला 1000 फेरे घेणारी) मोटर 11.1 व्होल्टवर, भार नसताना, मिनिटाला सुमारे 11,100 फेरे घेते. प्रोपेलर इंचभर मोठा लावला तरी प्रवाह झपाट्याने चढतो आणि ईएससी जळू शकतो. वॉटमीटरची खरेदी म्हणूनच मोटरच्या आधी हवी. शिकाऊ विमानाला किलोमागे दीडशे-दोनशे वॉट पुरतात. त्याहून जास्त ताकदीचा सोस कशाला?

शिवाय नाकावरचं वजन बदललं, की गुरुत्वमध्य सरकतो. बॅटरी पुढेमागे करून तो जुळवल्याशिवाय विमान हातातून सोडू नये.