फाटकाबाहेरचा पत्रा

सांगली-साताऱ्यात पोल्ट्री, गोठा, बेदाण्याची शेड, गुऱ्हाळ, एमआयडीसीतले जुने गाळे, कुठेही वर बघा, सिमेंटचा पत्रा दिसतो. त्यात साधारण आठ-नऊ टक्के ॲस्बेस्टॉस असतो, हे आपल्या धंद्यात बहुतेकांना ठाऊक आहे. गिऱ्हाइकाला आपण ते सांगत नाही.

पत्रा बनवणाऱ्या कंपन्यांची देशपातळीवर संघटना आहे. तिच्या नावात पूर्वी ‘ॲस्बेस्टॉस सिमेंट’ होतं, आता ‘फायबर सिमेंट’ आहे. तिचं म्हणणं असं, की पांढरा ॲस्बेस्टॉस सिमेंटमध्ये पक्का बसतो, काळजी घेतली की धोका नाही. कॅनडातली अशीच एक संस्था वर्षानुवर्षं ‘सुरक्षित वापरा’चा प्रचार करत होती आणि तिथला ॲस्बेस्टॉस भारतात येत होता. ती संस्था २०१२ मध्ये बंद पडली. २०१८ मध्ये कॅनडाने ॲस्बेस्टॉसवरच बंदी घातली. जागतिक आरोग्य संघटना पांढऱ्यासह सगळे प्रकार कर्करोगकारक मानते.

कारखान्याच्या आत निदान हिशेब मागता येतो. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कामगाराची आरोग्यनोंद चाळीस वर्षं जपायला सांगितली. मुंबईतल्या एका कारखान्यातले १८१ कामगार तपासले, तेव्हा ४१ जणांना ॲस्बेस्टोसिस हा फुप्फुसाचा आजार निघाला. हा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. पण आपल्याकडे पत्र्यावर ग्राइंडर चालवतो तो रोजंदारीवरचा पोरगा. त्याची नोंद कोण ठेवणार? उत्पादकांच्या संघटनेची काळजी फाटकापाशी संपते, आणि धूळ उडते ती फाटकाबाहेर, आपल्या साइटवर.

म्हणून फाटकाबाहेरची काळजी घेणं हे जिल्ह्यातल्या संघटनांचं काम आहे. साताऱ्याची ‘मास’ ही उत्पादकांची संघटना, कुपवाडची कृष्णा व्हॅली चेंबर आणि आपण फॅब्रिकेटर, विक्रेते. आपल्या बैठका दर आणि उधारीपलीकडे जात नाहीत, हे खरं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर फुटक्या पत्र्यांचं काय करायचं, याचं ठरलेलं उत्तर आपल्याकडे नव्हतं. आजही नाही.

पत्र्याच्या सुरक्षित हाताळणीसाठी आयएस ११७६९ हे मानक १९८७ पासून आहे. प्रत्येक दुकानात त्याची प्रत हवी. ग्राइंडर बंद करा. कापावंच लागलं, तर खाली जमिनीवर, पत्रा भिजवून, हातकरवतीने कापा. जुना पत्रा बोल्ट सोडवून अख्खा उतरवा. वर चढून पाणी मारू नका. माणूस पत्र्यातून खाली येतो, हे आपण पाहिलेलं आहे.

उतरवलेला माल कुठे द्यायचा, हे संघटनांनी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सातारा आणि सांगली कार्यालयांना लेखी विचारावं. आलेलं उत्तर आमच्याकडे पाठवा, जसंच्या तसं छापू.