वाटाड्या कुत्रा आणि आपले प्रार्थनामंदिर

काही महिन्यांपूर्वी आमच्या गावी एका कुटुंबाने नवस फेडण्यासाठी मलिदा केला होता. सभागृहात जमात जमली होती. गोड पोहे, खोबरे आणि फळे यांची ताटे मांडून झाली होती. एलियाहू हन्नाबींच्या नावाने प्रार्थना सुरू होणार इतक्यात आपल्या समाजातील एक तरुण भगिनी दारात येऊन उभी राहिली. काही वर्षांपूर्वी तिची दृष्टी गेली आहे. तिच्या डाव्या हाताशी, अंगावर साज चढविलेला एक लॅब्राडोर कुत्रा होता. "कुत्र्याला बाहेर बांधून ये, बाळ," असे कोणी म्हणाले, "मलिद्याजवळ कुत्रा?" असे आणखी कोणी पुटपुटले. आम्ही मंडळाचे चार-पाच सभासद कोपऱ्यात जाऊन विचारविनिमय करू लागलो. तो लांबत गेला. अखेर तिनेच, "असू द्या काका, मी पुन्हा केव्हातरी येईन," असे सांगितले आणि ती परत गेली. त्या सबंध वेळात तो कुत्रा एकदाही भुंकला नाही की ताटांकडे वळला नाही. गलबला केला तो आम्हीच. त्या दिवसाची टोचणी हेच या लेखाचे कारण आहे.

जे बोलले ते दुष्ट बुद्धीने बोलले, असे मी मुळीच म्हणणार नाही. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांचे बालपण कोकणातील गावांत किंवा मुंबईच्या चाळींत गेले. तेथे कुत्रा म्हणजे गल्लीतला मोकाट कुत्रा. तो चावला तर पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत. त्या नुसत्या नावाने मुले घाबरत. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी त्याचे नाक दिसले की घरातून "हाड्, हाड्" अशी आरोळी उठे. ही भीती व हा विटाळ अनुभवातून आलेला आहे, आणि अनुभवाची थट्टा करू नये. परंतु त्या कुत्र्याचा न्याय या कुत्र्याला लावणे योग्य नव्हे.

अंधांचा वाटाड्या कुत्रा कसा घडतो हे आपण समजून घेतले पाहिजे. नेस त्सियोनाजवळील बेत ओवेद येथे १९९१ साली नोआह ब्राऊन यांनी यासाठी एक केंद्र स्थापन केले. त्याआधीची काही वर्षे इस्रायलमधील अंध व्यक्तीला असा कुत्रा मिळविण्यासाठी परदेशी जावे लागे, आणि तेथील शिक्षण घेण्यापुरते इंग्रजीही यावे लागे. आता कुत्र्याला हिब्रूतूनच आज्ञा शिकविल्या जातात. सुमारे दोन महिन्यांचे पिलू प्रथम एका स्वयंसेवक कुटुंबाकडे जाते आणि तेथे साधारण वर्षभर वाढते. ते कुटुंब त्याला बसमध्ये, बाजारात, दुकानांत नेते. गर्दी, गोंगाट आणि अन्नाचा वास यांनी विचलित न होण्याची सवय लावते. त्यानंतर केंद्रातील शिक्षकांच्या हाताखाली त्याचे कित्येक महिने शिक्षण चालते. शेवटी अंध व्यक्तीची चाल, उंची व स्वभाव पाहून जोडी जमविली जाते, आणि दोघे काही आठवडे एकत्र शिकतात.

रस्ता ठाऊक असतो तो माणसाला; पायरी, खड्डा, खांब आणि डोक्याशी आलेली फांदी दाखवितो तो कुत्रा. तो सिग्नलचे दिवे ओळखीत नाही. वाहनांचा आवाज ऐकून निघायचे केव्हा हे मालकच ठरवितो. मात्र समोरून गाडी येत असेल तर "चल" म्हटले तरी कुत्रा पाऊल उचलीत नाही. जिवावरचे संकट ओळखून आज्ञा मोडण्याचे हे शिक्षण सर्वांत कठीण असते. अशा जनावराला "बाहेर बांधून ये" म्हणणे म्हणजे चष्मा लावणाऱ्याला "चष्मा दारात काढून ठेव" म्हणण्यासारखेच नव्हे काय?

कायद्याचे म्हणाल तर आपल्या देशात तो १९९३ पासून आहे. वाटाड्या कुत्रा बरोबर आहे एवढ्या कारणावरून अंध व्यक्तीला सार्वजनिक स्थळी किंवा वाहनात प्रवेश नाकारता येत नाही. परंतु कायदा माणसाला दारापर्यंत आणून सोडतो. आत सरकून जागा देणे हे शेजाऱ्याचे काम असते.

"पण प्रार्थनामंदिराचे पावित्र्य?" असा प्रश्न येईल, आणि तो रास्त आहे. न्यूयॉर्कचे थोर धर्मशास्त्री रब्बी मोशे फाइनस्टाईन यांच्यापुढे हाच प्रश्न आला होता. यरुशलेमी तालमूदमध्ये वाटसरूला त्याच्या गाढवासह सभास्थानी उतरवून घेण्यासंबंधी जो उल्लेख आहे, त्याचा आधार घेऊन त्यांनी अंध माणसाला कुत्र्यासह आत येण्याची मुभा दिली. ती न मिळाल्यास त्या माणसाला जमातीबरोबर प्रार्थना करणे कायमचे अशक्य होईल, हा त्यांचा मुख्य विचार होता. इतरांचे चित्त विचलित होऊ नये म्हणून त्याने दाराजवळ बसावे, असेही त्यांनी सुचविले. काही रब्बींनी या निर्णयाशी मतभेद दर्शविला, हेही प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. म्हणून आपापल्या गावच्या रब्बींना अवश्य विचारावे. पण आधी विचारावे, अंध माणूस दारात उभा असताना नव्हे.

कुत्र्याच्या मालकावरही काही कर्तव्ये येतात. कुत्रा स्वच्छ, लस टोचलेला आणि ताब्यात असला पाहिजे. कोणाला केसांमुळे दम्याचा त्रास होत असेल किंवा मूल फार भीत असेल तर दोघांमध्ये अंतर ठेवून बसण्याची व्यवस्था करता येते. घरचे लाडके कुत्रे सेवेच्या नावाखाली आणणाऱ्यांना मात्र ही सवलत लागू नाही. त्यांच्यामुळे खऱ्या गरजूंवर संशय येतो. आपणही काही पथ्ये पाळावीत. साज अंगावर असता कुत्रा कामावर असतो. त्याला कुरवाळू नये, हाक मारू नये, मलिद्यातील केळे तर मुळीच देऊ नये. बोलायचे ते माणसाशी बोलावे.

हा प्रश्न एकट्या अंध व्यक्तींचाही राहिलेला नाही. लढाईत मनावर आघात झालेल्या सैनिकांसाठीही आता साहाय्यक कुत्रे तयार केले जातात. ऑक्टोबर २०२३ नंतरच्या युद्धात आपल्या घरांतील मुलेही गेली. उद्या त्यांच्यापैकी कोणी असा सोबती घेऊन दारात आला तर आपण पुन्हा कोपऱ्यात जाऊन चर्चा करणार आहोत काय?

दारात थांबविले जाणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कोणी शिकवावे लागत नाही. १९६२ साली आपल्या विवाहांच्या बाबतीत वंशावळीची चौकशी करण्याचे आदेश निघाले, आणि ज्यांनी शतकानुशतके कोकणात शब्बाथ पाळला त्यांना आपण यहुदी असल्याची खात्री पटवावी लागली. १९६४ साली यरुशलेममध्ये निदर्शने झाली, क्नेसेतने आपल्या बाजूने ठराव केला, तेव्हा ते दार उघडले. ज्या पिढीने ते अपमान सोसले तिनेच दुसऱ्यासाठी दार अडवून धरावे, हे शोभत नाही.

म्हणून प्रत्येक गावच्या मंडळाला माझी नम्र विनंती आहे. पुढील सभेत दोन ओळींचा ठराव करावा आणि तो दारावर लावावा: अंध व्यक्तीचा वाटाड्या कुत्रा येथे तिच्यासह येऊ शकतो. दाराजवळच्या बाकाशी तो निजेल एवढी जागा मोकळी ठेवावी. आमच्या मंडळात हा ठराव मी मांडणार आहे. तो संमत झाला की त्या भगिनीच्या घरी जाऊन क्षमा मागण्याचे आणि पुढच्या मलिद्याचे आमंत्रण देण्याचे काम आम्हा चार-पाच जणांचेच आहे. सुंतेच्या वेळी एलियाहू हन्नाबींसाठी आपण खुर्ची मांडून ठेवतो. जो दिसत नाही त्याच्यासाठी आपण जागा राखतो. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठीही राखू या.