यंदा तोरण नको, स्वतःसाठी टॉप विणा

मार्च संपत आला की सांगलीत दुपारी दोननंतर रस्त्यावर माणूस दिसत नाही. साताऱ्यात संध्याकाळी डोंगराचा वारा तरी येतो, सांगलीत त्याचीही मारामार. अशा वेळी अंगावर सुती, सैल, हवा खेळती ठेवणारं काहीतरी हवं असतं आणि आपण घेऊन येतो पॉलिस्टरचा कुर्ता. स्वस्त पडतो, इस्त्री लागत नाही. घामाचं काय, ते आपलं आपण बघायचं!

म्हणून या वेळी माझा आग्रह आहे क्रोशाच्या उन्हाळी टॉपचा. तोही ज्यांनी आजवर सुई हातात धरली नाही, त्यांच्याकडे.

क्रोशा आपल्याला नवा नाही. दाराचं तोरण, टीपॉयवरचा रुमाल, बाळाचं टोपडं, आधी रेडिओवर आणि मग टीव्हीवर घातलेलं झाकण. आठवून बघा मैत्रिणींनो, या यादीत विणणारीच्या स्वतःच्या अंगावरचं काय आहे? फार तर परकराची लेस, म्हणजे तीही झाकलेलीच. घरातल्या लाकडी वस्तू नटल्या, बाई राहिली. आणि गंमत अशी की शिकायला तोरणापेक्षा टॉप सोपा आहे. तोरणात मोर, कलश, कमळ असा नक्षीचा हिशेब सांभाळावा लागतो. टॉप म्हणजे दोन चौकोनी तुकडे, बस्स.

आधी दोरा. दुकानात ‘लोकर’ म्हणून जे पुढे केलं जातं ते बहुतेक अ‍ॅक्रिलिक असतं. ते उन्हाळ्यात नको. जरा जाडसर सुती दोरा मागा, साधारण २०० ते २५० ग्रॅम पुरतो. एकदमच घ्या, कारण नंतर आणलेल्या गुंडीचा रंग हमखास थोडा वेगळा निघतो. सुई साडेतीन मिलिमीटरची. तोरणाची बारीक पोलादी सुई इथे चालत नाही.

टाके दोनच शिकायचे, साखळी आणि खांब. साखळी म्हणजे फासातून दोरा ओढत जाणं. खांबासाठी सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्यायचा, सुई टाक्यात घालून दोरा ओढायचा. सुईवर तीन फास होतात, ते दोन-दोन करून दोनदा सोडवायचे. दोन दुपारी हात बसवायला द्या. मग चार इंचांचा एक नमुना विणा, धुवा, वाळवा आणि त्यात किती खांब बसतात ते मोजा. कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका. सुती दोरा धुतल्यावर थोडा आटतो, आणि गडद रंग जातो की राहतो तेही इथेच कळतं.

समजा चार इंचांत १६ खांब बसले, म्हणजे इंचाला चार. छाती ३६ असेल तर सैलसर बसण्यासाठी एक तुकडा १९ इंच रुंद हवा. १९ चोक ७६, त्यात विषम संख्येसाठी एक मिळवा, झाले ७७. त्यासाठी साखळ्या घालायच्या ७९ आणि पहिला खांब सुईपासून चौथ्या साखळीत. सोडलेल्या तीन साखळ्या हाच तुमचा पहिला खांब. ही सुरुवातीची साखळी ढिली ठेवा, नाहीतर खालचा घेर आखडतो. पहिली रांग भरीव. दुसरीपासून जाळी, म्हणजे वळताना चार साखळ्या, एक खांब सोडून पुढच्यावर खांब, एक साखळी, पुन्हा एक सोडून खांब. वरच्या रांगांतही खांबावर खांबच येतो. वीस इंच लांबी झाली की थांबा. असाच दुसरा तुकडा. खांद्यावर दोन्हीकडे पाच-पाच इंच जोडा, मध्ये गळा आपोआप उरतो. बाजू शिवताना वरून आठ इंच बाहीसाठी सोडा. आत सुती शमीज घातली की झालं. धुतल्यावर मात्र तारेवर लटकवू नका. ओला सुती दोरा स्वतःच्या वजनाने लोंबतो. टॉवेलवर पसरून वाळवा.

आता थोडं हिशेबाचं, कारण माझा खरा मुद्दा तोच आहे. नवशिकीला एका रांगेला दहा मिनिटं धरा. दोन्ही तुकड्यांच्या मिळून ९० रांगा म्हणजे १५ तास. तासाला फक्त ५० रुपये लावले तरी मजुरी ७५० रुपये झाली, दोरा वेगळा. विणकामाची यंत्रं आली तरी बाजारात येणारा खरा क्रोशा अजून हाताचाच असतो. मग दुकानात क्रोशाचा टॉप तीन-चारशेला टांगलेला दिसला, तर कुणाचे तरी तास त्यात फुकट गेलेले असतात.

आंध्रातल्या नरसापूरच्या क्रोशाच्या लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या बायकांवर मारिया मीस या अभ्यासक बाईंनी १९८२ साली एक पुस्तक लिहिलं. लेस परदेशी जायची, व्यापारी कमवायचे आणि दिवसाचे कित्येक तास विणणाऱ्या बायकांची गणना मात्र ‘गृहिणी’ म्हणून. त्यांचं विणणं म्हणजे म्हणे फावल्या वेळेचा उद्योग! हे वाचताना मला आपल्याकडची ‘बसल्या बसल्या करते’ ही वाक्यं आठवतात.

हिशेब आपल्याला जमत नाही असं नाही. माण तालुक्यातल्या म्हसवडच्या बायकांना स्वतःची बँक काढायची होती. संस्थापक सभासद निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेने आधी परवाना नाकारला. त्या पुन्हा गेल्या आणि व्याज तोंडी मोजून दाखवायची तयारी दाखवली. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. त्यांनी मोजलं, मग आपले तास आपण का मोजू नयेत?

विणायला बसताना शेजारी एक वही ठेवा. सुरुवातीची वेळ लिहा, उठताना शेवटची लिहा. पहिला टॉप कुणाला देऊ नका, नणंदेलाही नाही, स्वतः घाला. भिशीत कुणीतरी म्हणेलच, “अगं, मलाही एक करून दे ना, दोऱ्याचे पैसे देते.” तेव्हा दोऱ्याचा आकडा सांगा आणि पुढे वहीतल्या तासांचाही सांगा. ती हसेल, कदाचित “घरच्या घरी तर करतेस” असंही म्हणेल. हसू द्या. आकडा तोच ठेवा.